रिसेप्टर दिसला म्हणजे औषध ठरलं, असं नसतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. ताईंचं वय ४६. स्तनात ३ सेंटिमीटरची गाठ आणि आजार काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचलेला. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीच्या पृष्ठभागावरचा वाढीचा रिसेप्टर) मात्र ‘२+’. डॉक्टरांनी ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी सांगितली आहे आणि तिचा निकाल यायला आठवडा-दहा दिवस लागणार आहेत. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही विचारताय: रिसेप्टर आहे असं रिपोर्टच म्हणतोय, मग त्याच्यावरचं टार्गेटेड औषध आजच का सुरू करत नाहीत? आणि हे औषध एवढं नेमकं असेल, तर काही जणांमध्ये ते पुढे लागू पडेनासं का होतं?

पहिल्याचं उत्तर लगेच देते. २+ म्हणजे ‘हो’ नाही आणि ‘नाही’सुद्धा नाही. फिश होऊ द्या. स्तनाच्या कर्करोगात एवढे दिवस थांबल्याने ताईंचं नुकसान होत नाही. चुकीच्या गृहीतकावर उपचार सुरू झाले, तर मात्र होतं.

बाकीचं उत्तर लांब आहे. गेली बावीस वर्षं मी कर्करोगाची औषधं देते आहे आणि या काळात मला सगळ्यांत जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट हीच आहे: पेशीवर रिसेप्टर असणं वेगळं आणि पेशी त्या रिसेप्टरच्या जीवावर जगत असणं वेगळं. हा फरक एकदा लक्षात आला, की ताईंचा रिपोर्टही कळेल आणि पुढे जे काही घडेल तेही.

आधी पेशीच्या आवरणाकडे बघू. रिसेप्टर हे त्या आवरणात आरपार रोवलेलं प्रथिन असतं. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. शरीरातून वाढीचा निरोप घेऊन आलेला रेणू बाहेरच्या टोकाला चिकटतो. मग शेजारचे दोन रिसेप्टर एकमेकांजवळ येऊन जोडी जमवतात आणि त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून तो निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, असा करत केंद्रकापर्यंत जातो: विभाजन कर, मरू नकोस. काम झालं की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि बऱ्याचदा मोडूनही टाकते. ही शेवटची पायरी फार महत्त्वाची, कारण निरोप थांबतो तो तिथे. जखम भरून येते, आतड्याचं अस्तर सतत नवं होत राहतं, ते याच निरोपांवर. म्हणजे रिसेप्टर हा मुळात शत्रू नव्हे. माणसाच्या शरीरात या जातीचे, टायरोसिन किनेझ म्हणून ओळखले जाणारे ५८ रिसेप्टर आहेत आणि त्यांतला प्रत्येक कुठल्या ना कुठल्या निरोगी कामासाठीच आहे.

यातला ईजीएफआर हा सगळ्यांत आधी नीट अभ्यासला गेला. स्टॅनली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथींच्या अर्कात असा एक पदार्थ सापडला, जो टोचला की नवजात उंदरांचे डोळे वेळेआधी उघडत. त्या वाढीच्या घटकाचा, ईजीएफचा (ईजीएफआर हा त्याचाच रिसेप्टर) शोध आणि त्यापुढचं काम यासाठी त्यांना रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्याबरोबर १९८६ चं नोबेल मिळालं. पण कर्करोगाच्या दृष्टीने मला त्याआधीची, १९८४ ची घटना जास्त मोलाची वाटते. ईजीएफआरची रचना वाचल्यावर लक्षात आलं, की कोंबड्यांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतलं जनुक म्हणजे जवळजवळ हाच रिसेप्टर, फक्त त्याचं बाहेरचं टोक कापलेलं. निरोप घेणारा भागच नाही, तरी आतलं टोक अखंड बोलत राहतं. निरोपाशिवाय बोलणारा रिसेप्टर कर्करोग घडवू शकतो, हे त्यातून उघड झालं.

ताईंच्या रिपोर्टमधले ईआर आणि पीआर हेही रिसेप्टरच आहेत, पण ते पेशीच्या पृष्ठभागावर नसतात. ते मुख्यतः केंद्रकात असतात. इस्ट्रोजेन स्निग्धात विरघळणारं असल्याने आवरणातून सहज आत शिरतं आणि तिथे त्यांना भेटतं. त्यांच्यावरच्या हॉर्मोनच्या गोळ्या हा उपचाराचा वेगळा रस्ता आहे आणि फिशचा निकाल काहीही आला तरी तो ताईंसाठी उघडाच आहे. तिन्ही नावं रिपोर्टमध्ये एकाखाली एक छापलेली असतात, म्हणून लोक ती एकाच माळेतली समजतात.

आता हर-टू. ईजीएफआरच्या कुटुंबात चार भावंडं आहेत, त्यांतलं हे दुसरं. त्याला स्वतःचा असा निरोप देणारा रेणू आजवर सापडलेला नाही. त्याचा आकारच असा, की तो कायम जोडी जमवायला तयार असतो. विशेषतः तिसऱ्या भावंडाशी, हर-थ्रीशी त्याची जोडी जमली की पेशीला जगण्याचा फार जोरकस निरोप जातो. निरोगी पेशीवर हर-टूची संख्या साधारण २० ते ५० हजार असते. काही गाठींमध्ये १७ व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती भराभर वाढतात आणि मग एकेका पेशीवर २० लाखांपर्यंत रिसेप्टर उगवतात. एवढी गर्दी झाली की जोडी जमायला बाहेरून कुणी यावं लागत नाही.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या. त्यांतल्या सुमारे ३० टक्के गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या आणि त्या स्त्रियांमध्ये आजार लवकर उलटत होता. (आज आम्ही हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतो.) त्यातून ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे नेमकं हर-टूला चिकटणारं प्रथिन, तयार झालं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार पसरलेल्या ४६९ स्त्रिया होत्या. नुसत्या केमोथेरपीवर मध्यम आयुर्मान २०.३ महिने, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर २५.१ महिने. हा फरक कुणाला लहान वाटेल. पण २००५ मध्ये हेच औषध शस्त्रक्रियेनंतर, आजार पसरण्याआधी दिल्याचे निकाल आले आणि उलटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. मी शिकत होते तेव्हा हर-टू पॉझिटिव्ह हा शब्द आम्ही रुग्णाच्या नातेवाइकांना जपून, आवाज खाली करून सांगायचो. आज त्याच शब्दावर मी त्यांना धीर देते.

हे सगळं घडलं ते त्या गाठी हर-टूच्या जीवावर जगत होत्या म्हणून. ताईंची गाठ तशी आहे का, हाच प्रश्न आहे आणि २+ त्याचं उत्तर देत नाही.

रिपोर्टमधला हा आकडा येतो आयएचसी तपासणीतून. गाठीच्या पातळ कापावर हर-टूला चिकटणारं रसायन टाकतात आणि ते चिकटेल तिथे तपकिरी रंग येतो. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, सलग कड दिसली तर ३+. रंग नाहीच किंवा अगदी थोड्या पेशींत पुसट असला तर ०. अर्धवट, फिकट कड म्हणजे १+. या सगळ्याच्या मधलं, जिथे कड सलग आहे पण रंग मध्यम आहे, ते २+. आयएचसी मोजते ते प्रथिन, आणि तेही माणसाच्या नजरेने. फिश मोजते जनुकाच्या प्रती. एका रंगाचे चमकणारे ठिपके हर-टू जनुकाचे, दुसऱ्या रंगाचे १७ व्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूचे. दोन्ही मोजून गुणोत्तर काढतात. ते २ किंवा जास्त आणि पेशीमागे हर-टूच्या सरासरी प्रती ४ किंवा जास्त, तर पॉझिटिव्ह. २+ आलेल्या बहुतेक गाठी फिशमध्ये निगेटिव्ह निघतात, काही मात्र स्पष्ट पॉझिटिव्ह. या ‘काहीं’साठीच तपासणी करायची.

इथे एक गोष्ट तुम्ही स्वतः विचारून घ्यावी असं मला वाटतं: गाठीचा तुकडा काढल्यावर तो फॉर्मॅलिनमध्ये कधी गेला? तासाभराच्या आत जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. माझ्याकडे एकदा अशी रुग्ण आली होती, जिच्या बायोप्सीचा तुकडा रात्रभर नुसत्या सलाईनमध्ये राहिला होता. रिपोर्टमध्ये हर-टू शून्य. आजाराची चाल मात्र तशी वाटेना, म्हणून मी बायोप्सी पुन्हा करायला लावली आणि ती ३+ आली. त्या बाईंचा सगळा उपचार त्या एका तुकड्याने बदलला. तेव्हापासून रिपोर्टमधलं आजाराचं चित्र आणि समोरचा रुग्ण जुळत नसेल, तर मी आधी नमुन्यावर शंका घेते.

आता समजा ताईंचा फिश निगेटिव्ह आला. म्हणजे रिसेप्टर आहे, थोडा जास्तही आहे, पण जनुकाच्या प्रती वाढलेल्या नाहीत. ‘मग थोडा तरी फायदा होईल ना, देऊन टाका’ हा विचार फक्त तुमच्याच घरात येतो असं नाही, तो तज्ज्ञांच्याही मनात आला होता. ट्रास्टुझुमॅबच्या सुरुवातीच्या एका मोठ्या चाचणीतल्या गाठी नंतर मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या, तेव्हा काही मुळात हर-टू निगेटिव्ह निघाल्या आणि त्या स्त्रियांनाही फायदा झाल्यासारखं दिसत होतं. म्हणून बी-४७ नावाची स्वतंत्र चाचणी झाली. त्यात ३,२७० स्त्रिया होत्या. सगळ्यांची गाठ १+, किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह. निम्म्यांना केमोथेरपी, निम्म्यांना केमोथेरपी आणि वर्षभर ट्रास्टुझुमॅब. पाच वर्षांनी आक्रमक आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण: औषध जोडलेल्या गटात ८९.८ टक्के, न जोडलेल्या गटात ८९.२ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. औषध रिसेप्टरला चिकटलं असणार, यात शंका नाही. पण त्या पेशी हर-टूच्या जीवावर जगत नव्हत्या, त्यामुळे तो दाबून धरल्याचं त्यांना काही वाटलं नाही.

आणि याच गाठींची पुढची गोष्ट मला आमच्या शास्त्रातली सगळ्यांत शिकवून जाणारी गोष्ट वाटते. ट्रास्टुझुमॅबच्याच पाठीवर केमोथेरपीचे रेणू बांधले, तर? ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे असं औषध आहे. एका प्रतिपिंडावर साधारण आठ विषारी रेणू. प्रतिपिंड हर-टूला चिकटतं, पेशी त्याला रिसेप्टरसकट आत ओढून घेते, आत दुवा तुटतो आणि विष मोकळं होतं. ते आवरणातून बाहेर झिरपून शेजारच्या पेशींनाही मारतं, मग त्यांच्यावर हर-टू कमी असला तरी चालतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत आजार पसरलेल्या, केमोथेरपी घेऊन झालेल्या ५५७ रुग्ण होत्या. गाठी अगदी बी-४७ मधल्यासारख्या: १+, किंवा २+ आणि फिश निगेटिव्ह. आजार काबूत राहण्याचा मध्यम काळ नेहमीच्या केमोथेरपीवर ५.१ महिने, या औषधावर ९.९ महिने. मध्यम आयुर्मान १६.८ वरून २३.४ महिने.

तीच गाठ, तोच रिसेप्टर आणि त्याला चिकटणारं प्रतिपिंडही तेच. एका वापरात फायदा शून्य आणि दुसऱ्यात आयुष्य वाढलं. कारण पहिल्या वापरात आपण रिसेप्टरला पेशीचा श्वास समजत होतो, दुसऱ्यात त्याचा उपयोग फक्त पत्ता म्हणून केला. पत्त्यासाठी पेशी त्या रिसेप्टरवर अवलंबून असण्याची गरज नसते. तो दारावर असला की पुरे. म्हणून फिश निगेटिव्ह आला तरी २+ हा शब्द फुकट जात नाही. मात्र हे औषध अशा कमी हर-टू असलेल्या आजारात पसरलेल्या अवस्थेसाठी आहे, ताईंच्या आजच्या अवस्थेसाठी नाही. त्याची किंमतही शरीर मोजतं: त्या चाचणीत १२ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या फुफ्फुसांना सूज आली होती. माझ्या रुग्णांना मी सांगून ठेवते, की या औषधावर असताना नवा कोरडा खोकला आला तर त्याच दिवशी फोन करायचा.

हाच धडा फुफ्फुसाच्या कर्करोगाने वेगळ्या रीतीने शिकवला. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत जेफिटिनिब ही ईजीएफआर रोखणारी गोळी नुकतीच आली होती. फुफ्फुसाच्या बहुतेक गाठींवर ईजीएफआर भरपूर असतो, म्हणून ती सगळ्यांनाच देऊन बघत. एक बाई, आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्या, ऑक्सिजनच्या नळीसह चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या स्वतः चालत तपासणीला आल्या. त्याच महिन्यात त्याच आजाराच्या एका गृहस्थांना मी तीच गोळी दिली, मोठ्या आशेने. दोन महिने गेले, आजार वाढतच राहिला आणि केमोथेरपी द्यायला लागेल तेवढी ताकद त्यांच्यात उरली नाही. ते दोन महिने माझ्या मनातून अजून जात नाहीत.

या दोघांतला फरक २००४ मध्ये कळला. ज्या गाठी विरघळत होत्या त्यांच्या ईजीएफआरच्या आतल्या टोकात बदल झालेला होता: १९ व्या एक्सॉनमधला (जनुकाच्या एका भागातला) छोटा तुकडा गळालेला, किंवा ८५८ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं आलेलं. अशा रिसेप्टरला बाहेरून निरोप लागत नाही, तो सतत चालू असतो आणि पेशीचं सगळं जगणं त्याच्याशी बांधलं जातं. २००९ ची आयपास चाचणी याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा आहे. बदल असलेल्यांपैकी ७१.२ टक्के रुग्णांच्या गाठी जेफिटिनिबने लहान झाल्या. बदल नसलेल्यांमध्ये हे प्रमाण होतं १.१ टक्के, आणि त्यांना केमोथेरपी दिली तर २३.५ टक्के. म्हणजे चुकीच्या माणसाला दिलेलं नेमकं औषध हे सुरक्षित ‘बघू या देऊन’ नसतं. त्यात त्याच्या योग्य औषधाची वेळ जाते. ताईंच्या बाबतीत मी फिशसाठी थांबा म्हणते, त्यामागे हे आकडे आहेत आणि ते गृहस्थही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर रिसेप्टर मोजणंच निरुपयोगी ठरलं. सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरवरचं प्रतिपिंड २००४ मध्ये आलं तेव्हा गाठीवर ईजीएफआर दिसला पाहिजे अशी अट होती. पुढे दिसलं, की रंग न आलेल्या गाठींवरही ते चालतं आणि गडद रंगाच्या कितीतरी गाठींवर चालत नाही. खरं कारण रिसेप्टरच्या खाली होतं. निरोप पुढे नेणाऱ्या साखळीत रास नावाचं प्रथिन आहे. ते बिघडून स्वतःच सतत चालू राहिलं असेल, तर वर ईजीएफआरला कितीही गच्च धरा, खाली गाडी चालूच. मोठ्या आतड्याच्या सुमारे ४० टक्के गाठींमध्ये एकट्या के-रासमध्येच बदल असतो. म्हणून आज हे औषध देण्याआधी आम्ही ईजीएफआर बघत नाही, रास बघतो.

त्याच साखळीत पुढे बी-रॅफ आहे. त्याच्या ६०० व्या जागेवरच्या बदलावर असलेली गोळी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठी लहान करते. नेमका तोच बदल असलेल्या आतड्याच्या गाठींवर मात्र ती जवळजवळ काहीच करेना. २०१२ मध्ये उलगडा झाला: बी-रॅफ बंद पडला की आतड्याची पेशी वरचा ईजीएफआर जोराने चालू करते आणि दुसऱ्या वाटेने निरोप नेते. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसा नसतोच, त्यामुळे त्यांना ही पळवाट नाही. आता आतड्याच्या या आजारात बी-रॅफची गोळी आणि सेटुक्सिमॅब एकत्र देतात, २०२० मध्ये त्या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. एकाच बदलावर एकच गोळी दोन अवयवांत वेगळी वागते. म्हणूनच ओळखीच्या कुणाला एखादी गोळी लागू पडली, म्हणून ती ताईंनाही लागू पडेल असं धरून चालू नका, दोघींच्या रिपोर्टमध्ये एकच शब्द असला तरी.

रिसेप्टर किंवा पृष्ठभागावरचं दुसरं एखादं प्रथिन निव्वळ पत्ता म्हणून वापरण्याची जुनी आणि यशस्वी उदाहरणं रक्ताच्या आजारांत आहेत. १९९७ मध्ये आलेलं रिटक्सिमॅब बी पेशींवरच्या (या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) सीडी२० या प्रथिनाला चिकटतं आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या पेशी दाखवून देतं. निरोगी बी पेशीही त्यात जातात, पण त्यांना जन्म देणाऱ्या मूळ पेशींवर सीडी२० नसतो, म्हणून काही महिन्यांनी त्या परत भरून येतात. पत्ता निवडताना बघायचं असतं ते हेच: तो आणखी कुठल्या दारावर आहे, आणि तिथलं नुकसान शरीर भरून काढेल का.

दुष्परिणामांचंही कोडं यातूनच सुटतं. लोकांना वाटतं, टार्गेटेड म्हणजे फक्त कर्करोगाला लागणारं. पण औषध रिसेप्टर ओळखतं, कर्करोग नाही. ईजीएफआर त्वचेत आणि आतड्याच्या अस्तरातही असतो, म्हणून त्याच्यावरच्या औषधांनी चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ येतं, नखांच्या कडा दुखऱ्या होतात आणि जुलाब होतात. पुरळ आलं म्हणून घाबरून गोळी स्वतःच बंद करू नये. त्यावर चांगले उपाय आहेत आणि ते आधीपासून सुरू करता येतात. हर-टू हृदयाच्या स्नायूला ताणाच्या वेळी सावरायला मदत करतो. पहिल्या चाचणीत ट्रास्टुझुमॅब अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोथेरपीबरोबर एकत्र दिलं, तेव्हा २७ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या कामात बिघाड आढळला. म्हणून आता ती दोन्ही एकत्र देत नाहीत. सुरू करण्याआधी आणि दर तीन महिन्यांनी हृदयाचा इको करतात. वेळीच लक्षात आलं तर हा बिघाड बहुतेकदा भरून येतो, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून इको टाळू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. औषध लागू पडेनासं होतं तेव्हा लोक म्हणतात, शरीराला सवय झाली. सवय शरीराला होत नाही, बदलतो तो आजार. कोट्यवधी पेशींमध्ये काही आधीपासूनच थोड्या वेगळ्या असतात किंवा उपचार चालू असताना वेगळ्या होतात. औषधाने बाकीच्या मेल्या की मैदान त्यांचं. फुफ्फुसाच्या ईजीएफआरमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. पहिल्या पिढीच्या गोळ्यांवर आजार परत वाढला, की निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये रिसेप्टरच्या ७९० व्या जागी नवा बदल सापडतो, टी७९०एम. त्याने गोळीची पकड सुटते. त्यावर ओसिमर्टिनिब आली, जी शेजारच्या ७९७ व्या जागेला कायमची जोडली जाते. तीच गोळी सुरुवातीपासून दिली तर आजार काबूत राहण्याचा मध्यम काळ १०.२ वरून १८.९ महिन्यांवर गेला. मग काही पेशींनी ७९७ वी जागाच बदलली. काहींनी ईजीएफआर तसाच ठेवून शेजारच्या मेट या दुसऱ्या रिसेप्टरच्या प्रती वाढवल्या, म्हणजे जगण्याचा आधारच बदलला. थोड्या गाठी तर रूप पालटून स्मॉल सेल प्रकारच्या होतात, आणि त्यांना मुळातच वेगळी केमोथेरपी लागते.

पत्त्यावर चालणाऱ्या औषधांना पेशी वेगळं उत्तर देते: पत्ताच पुसते. सीडी१९ (बी पेशींवरचंच आणखी एक प्रथिन) वर बेतलेल्या कार-टी उपचारानंतर, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून आजारावर सोडल्यानंतर, ल्युकेमिया परततो, तेव्हा काही रुग्णांमध्ये त्या पेशींवर सीडी१९ उरलेलाच नसतो. हर-टूचंही तसंच. पहिली गाठ आणि वर्षांनंतर दुसरीकडे उगवलेली गाठ यांचा हर-टू दर वेळी सारखा असेलच असं नाही. म्हणून आजार परत आला तर, जिथून तुकडा सुरक्षितपणे काढता येतो तिथून मी पुन्हा बायोप्सी करायला सांगते. रुग्णांना ते नको असतं, आणि मला ते कळतं. रक्तातून गाठीचा डीएनए शोधणारी तपासणी पुष्कळदा सोय करते. पण ती निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ ‘बदल नाही’ असा होत नाही. रक्तात पुरेसा डीएनए आला नसेल, एवढाच होऊ शकतो.

ताईंकडे परत येते. फिश पॉझिटिव्ह आला, तर या आकाराच्या आणि काखेत पोचलेल्या आजारात शस्त्रक्रिया आधी न करता बहुतेकदा औषधांनी सुरुवात करतात: केमोथेरपी, तिच्याबरोबर ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब. पर्टुझुमॅब हर-टूच्या वेगळ्या भागाला चिकटतं आणि हर-थ्रीशी त्याची जोडी जमू देत नाही, म्हणून दोन प्रतिपिंडं दिली तरी ती एकाच कामाची पुनरावृत्ती नसते. शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागात जिवंत आजार उरलेला दिसला, तर पुढचं औषध बदलतात. तेव्हा ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन (हेही ट्रास्टुझुमॅबवर विषारी रेणू बांधलेलं औषध) दिल्याने आक्रमक आजार उलटण्याचा धोका निम्म्यावर आल्याचं १,४८६ रुग्णांच्या चाचणीत दिसलं आहे. हे पाऊल फक्त शस्त्रक्रिया नंतर ठेवली तरच टाकता येतं. घाईने गाठ आधी काढून टाकली, तर औषध कितपत लागू पडतंय हे बघण्याची संधीच जाते. डॉक्टर निकालासाठी थांबा म्हणतायत त्याचं हेही एक कारण असणार.

फिश निगेटिव्ह आला तर हर-टूचा विषय आज बाजूला ठेवा. ताईंचा आजार मग हॉर्मोनवर पोसलेला धरायचा आणि उपचाराचा कणा हॉर्मोनची औषधं असतील. केमोथेरपी लागेल का, किती, हे ग्रंथींची संख्या, गाठीची श्रेणी आणि ताईंची पाळी चालू आहे का, यावर ठरेल. ‘टार्गेटेड मिळालं नाही’ म्हणून ताईंच्या वाट्याला कमी उपचार आले, असं घरात कुणी म्हणू देऊ नका. हॉर्मोनचा रिसेप्टर रोखणं हा टार्गेटेड उपचारच आहे, आणि ताईंची गाठ त्याच्या जीवावर जगत असण्याची शक्यता रिपोर्टमध्ये आत्ताच लिहिलेली आहे.

आणि एक काम या आठवड्यातच करा. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो कुठे आहे, त्याचा नंबर काय, प्रयोगशाळा तो किती वर्षं ठेवते, हे विचारून ताईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रुग्णालय बदललंत तर रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर ब्लॉकही मागून घ्या. आज फिशसाठी जे काप जातील ते त्यातूनच जातील, आणि पुढे कधी नवीन रिसेप्टरवरचं औषध आलं आणि ताईंना त्याची गरज पडली, तर पहिली तपासणी त्याच ठोकळ्यावर होईल.